मोटारींतील नादाचा बेत

मोटारींत गाणें ऐकण्याची सोय सुधारून घ्यावी कीं नाहीं, आणि घ्यावयाची झाल्यास कोणत्या क्रमानें घ्यावी, हा प्रश्न या पानांत यावा याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु आमच्या समजुतीनें तो आतां घरोघरचा झाला आहे. एकत्र कुटुंबांत गाडी एक, तिचा खर्च सामाईक, आणि तींत बसणारे कान मात्र तीन पिढ्यांचे, तेव्हां तिच्यांतील नादाचा निर्णय एकट्या तरुणानें दुकानांत उभ्या उभ्या करावा, किंवा वडीलधाऱ्यांनीं "हे चोचले कशाला?" म्हणून तो उडवून लावावा, हीं दोन्ही टोंकें आम्हांस सारखींच अयोग्य वाटतात. दवडलेला पैसा पुन्हां मिळवितां येतो. पण कानाची गेलेली शक्ति परत येत नाहीं, आणि निष्काळजीपणानें ओढलेल्या एका तारेपायीं चांगली गाडी पेट घेऊं शकते. विषय वाटतो तितका हलका नव्हे, एवढें ध्यानांत ठेवून वाचकांनीं पुढील मजकूर वाचावा.

मोटारींत वाद्यें वाजविण्याची हौस आजकालची नाहीं. अमेरिकेंत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनें १९३० सालीं मोटारीकरितां रेडिओ विक्रीस आणिला व त्यास 'मोटोरोला' हें नांव दिलें. पुढें कंपनीनेंच तें नांव धारण केलें. जर्मनींत ब्लाऊपुंक्ट या कंपनीनें १९३२ सालीं आपला मोटार-रेडिओ काढिला. फिलिप्सची कॅसेट १९६३ सालीं आली, कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ सालीं बाजारांत आली, आणि आज तर खिशांतील मोबाईलमध्यें सारें संगीत सांठविलेलें असतें. नादाचा उगम असा पावलोपावलीं शुद्ध होत गेला. परंतु ज्या मुखांतून तो बाहेर पडावयाचा तें मुख, म्हणजे दारांतील स्पीकर, बहुतेक गाड्यांत काटकसरीनेंच बसविलेलें असतें. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनीं १९२५ सालीं लोहचुंबक, तारेचें वेटोळें व कागदी पडदा यांची जी रचना सांगितली, तीच मुळांत आजहि चालूं आहे. फरक पडतो तो पडद्याच्या जातींत, चुंबकाच्या जोरांत आणि बसविणाऱ्याच्या हातांत.

उदाहरणाकरितां आमच्याच घरची गोष्ट घेतों. घरांत सात आसनांची गाडी आहे. धाकट्या भावाचा मुलगा नुकताच नोकरीस लागला. त्यानें व त्याच्या चुलतभावानें मिळून गाडीच्या 'साउंड'साठीं चाळीस हजार रुपये बाजूस काढिले. एका दुकानांतील बारा इंची सबवूफरची पेटी, जिच्यावर '१००० वॅट' असें ठळक अक्षरांनीं छापिलें होतें, ती त्यांच्या मनांत भरली होती. "काका, आधीं पेटी घेऊं, बाकीचें पुढच्या वर्षीं पाहूं," असा त्यांचा बेत. यावर वहिनींचें म्हणणें असें कीं, मागची बाक उभी केली म्हणजे डिकी आधींच वीतभर राहते. तींत ही पेटी ठेविली तर गणपतीस कोंकणांत जातांना सामान काय डोक्यावर घ्यावयाचें? थोरल्या बंधूंस श्रवणयंत्र लागतें. त्यांस अभंगाचे शब्द स्पष्ट ऐकूं यावे एवढीच अपेक्षा, आणि गाडींत धडधड सुरू झाली कीं तेवढेंच नेमकें हरवतें. वाद आमच्याकडे आला. आम्हीं निवाडा असा दिला कीं, महिनाभर कोणीं दुकानाची पायरी चढूं नये. कागद-पेन्सिल घेऊन प्रथम बेत लिहून काढावा. तो बेत कसा झाला तें सांगितलें असतां इतर कुटुंबांसहि त्याचा उपयोग होईल असें वाटतें.

पहिला प्रश्न आपण ऐकतों काय, हा होय. माणसाच्या कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे स्वर ऐकूं येतात, आणि वय वाढत जातें तशी वरची मर्यादा खालीं येते. सबवूफर म्हणजे केवळ तळाच्या स्वरांसाठीं, साधारणतः ८० कंपनांच्या खालील नादासाठीं, केलेला मोठा स्पीकर. आतां आपलें संगीत पहा. पुरुष गायकानें काळी एकचा षड्ज धरिला तर त्याचीं कंपनें सुमारें १३९ होतात, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निमपट, म्हणजे सुमारें ६९ कंपनांवर बोलते. डग्ग्याचा घुमाराहि याच प्रांतांतला. म्हणजे चांगल्या आधुनिक ध्वनिमुद्रणांत सबवूफरास काम आहे, पण तें तंबोऱ्याखालीं सतरंजी अंथरण्याइतकें. गायकाच्या गळ्याचें काम तो करीत नाहीं व करूं म्हणेल तर सर्व नासाडी होते. उलट जुनें ध्वनिमुद्रण घ्या. १९०२ सालीं फ्रेड गायस्बर्ग यांनीं कलकत्त्यास येऊन गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरविलें, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. गायकानें कर्ण्याच्या तोंडांशीं गावें व त्या आवाजाच्या जोरानेंच सुईनें तबकडी कोरावी, असा प्रकार होता. विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झालें. त्यापूर्वींच्या तबकडीवर तळाचे स्वर जवळजवळ उतरलेच नाहींत. तिला सबवूफर जोडिला तर ऐकूं येईल ती फिरत्या यंत्राची घरघर. ज्या घरांत बहुतेक जुनीं नाट्यगीतें व प्रवचनेंच ऐकिलीं जातात, त्या घरानें सबवूफराचा विचार सोडून द्यावा, हें आम्ही निःशंकपणें सांगतों.

दुसरा प्रश्न वॅटांचा. येथें शाळेंतील गणित कामास येतें. गाडीची बॅटरी नांवाची १२ व्होल्टची. इंजिन चालूं असतां सुमारें १४ व्होल्ट मिळतात. स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. गाडीच्या टेपमध्यें जो अंगचा ॲम्प्लिफायर असतो, त्यास या १४ व्होल्टांच्या वर उडी मारतां येत नाहीं. १४ चा वर्ग १९६. शुद्ध गोलाईच्या तरंगासाठीं त्यास रोधाच्या दुपटीनें, म्हणजे ८ नें, भागावें. उत्तर साडेचोवीस वॅट. आणि यंत्राच्या पोटांत जो भाग खर्ची पडतो तो वजा करतां सुमारें वीस. मग डब्यावर '५० वॅट × ४' कोठून येतें? तरंगाचे माथे छाटून तो चौकोनी केला तर १९६ ला ८ ऐवजीं ४ नें भागावें लागतें, आणि उत्तर ४९ येतें! म्हणजे तो पन्नासाचा आंकडा फाटलेल्या आवाजाचा आहे. खरेदीच्या वेळीं 'मॅक्स' किंवा 'पीक' या शब्दाशेजारील आंकडा सोडून 'आरएमएस' या अक्षरांशेजारील आंकडा वाचावा. अखंड वाजतांना यंत्र जें देतें किंवा सोसतें तें एवढ्यावरून कळतें. आमच्या पुतण्यानें त्या हजार वॅटांच्या पेटीचा कागद मागवून पाहिला, तेव्हां आरएमएस आंकडा अडीचशेंचा निघाला.

याच्याच जोडीस आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. शक्ति दुप्पट केली तर नाद केवळ ३ डेसिबलनें वाढतो, आणि कानास आवाज दुप्पट वाटावा यासाठीं शक्ति सुमारें दहापट लागते. म्हणून शंभर वॅट व दीडशें वॅट यांत कानास फारसा भेद कळत नाहीं. किंमतींत मात्र चांगलाच कळतो. या दृष्टीनें स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटांत एक मीटर अंतरावर तो किती डेसिबल देतो, ही बाब फार मोलाची. ८८ डेसिबलचा स्पीकर जें काम चाळीस वॅटांत करील, तेंच ९१ डेसिबलचा वीस वॅटांत करितो.

तिसरी गोष्ट दारांची, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित असते. स्पीकरचा पडदा पुढें सरला कीं पुढील हवा दाबली जाते व मागील विरळ होते; पुढचा व मागचा तरंग एकमेकांस भेटले कीं, विशेषतः खालच्या स्वरांत, ते परस्परांस मारतात. गाडीच्या दाराच्या आंतल्या पत्र्यास मोठमोठीं भगदाडें असतात व त्यांवर बहुधा पातळ प्लॅस्टिक ताणलेलें असतें. अशा दारांत कितीहि उंची स्पीकर बसविला तरी त्याचा निम्मा जीव त्या भगदाडांतून वाया जातो, आणि वर पत्रा खडखडतो तो वेगळाच. यास उपाय सोपा आहे. ब्यूटाइल रबराची, एका अंगास ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली चिकट शीट मिळते. ती बाहेरच्या पत्र्याच्या आंतल्या बाजूस चिकटवावी, म्हणजे पत्र्याची थरथर शमते. आणि आंतल्या पत्र्याचीं भगदाडें बुजवून दाराची जणूं पेटीच करावी. मात्र कुलपाच्या दांड्या व कांच खालींवर करण्याचें यंत्र अडतां कामा नये. आपल्याकडील पावसाळ्याचा विचार करून एक गोष्ट तर कारागिरास बजावूनच सांगावी. कांचेच्या फटींतून दारांत पाणी जातच असतें, व तें निघून जाण्यासाठीं दाराच्या तळाशीं लहान छिद्रें ठेविलेलीं असतात. तीं बुजलीं तर पहिल्याच श्रावणांत दारांत डबकें सांचेल व पत्रा गंजेल.

स्पीकर दोन जातींचे असतात. एकांत उंच स्वरांचा लहानसा ट्वीटर मोठ्या पडद्याच्या मध्यभागींच बसविलेला असतो. दुसऱ्यांत तो निराळा असून स्वरांची वांटणी करणारी लहान पेटी सोबत येते. दारांतील स्पीकर पायांशीं असतो, आणि उंच स्वर सरळ रेषेंत धांवणारे. ते पोटरींत व आसनाच्या कापडांत जिरून जातात. व्यंजनांची स्पष्टता या उंच स्वरांवर अवलंबून असते. 'स', 'श', 'त', 'क' हीं अक्षरें कळलीं नाहींत तर अभंग आहे कीं पोवाडा, एवढेंच कळणार! म्हणून पुढच्या दारांसाठीं निराळ्या ट्वीटरची जोडी घेऊन ते ट्वीटर समोरील कांचेच्या कडेच्या खांबांपाशीं, कानाच्या उंचीच्या जवळ बसवावे. त्या खांबांच्या आंत एअरबॅग असेल तर आवरणास भोक मुळींच पाडूं नये. वरून चिकटवितां येतील असे ट्वीटर घ्यावे, व तेहि एअरबॅगच्या उघडण्याच्या वाटेंत येणार नाहींत असे. मागच्या दारांस साधी एकत्र जात पुरते. स्पीकर घेण्यापूर्वीं कांच पूर्ण खालीं करून मागें किती खोली उरते तें मोजावें; अनेकदां फसगत होते ती व्यासांत नव्हे, खोलींत.

कांहीं महागड्या यंत्रांत आणखी एक सोय असते, तिचें मर्म कुटुंबवत्सल माणसानें जाणलें पाहिजे. ध्वनि एका सेकंदाच्या हजाराव्या भागांत सुमारें ३४ सेंटिमीटर जातो. चालकास उजव्या दारांतील स्पीकर जवळ व डावा दूर, म्हणून उजवीकडील नाद आधीं पोंचतो व गायक उजव्या दारांत बसल्यासारखा वाटतो. यंत्र उजवीकडील नादास किंचित् थांबवून दोन्ही नाद एकाच वेळीं कानीं घालतें, आणि गायक समोर, मध्यभागीं येऊन बसतो. अनुभव सुंदर आहे यांत संशय नाहीं. परंतु तें सुख एकाच आसनाचें. चालकासाठीं जें जुळविलें, तें शेजारच्या आसनावर दुपटीनें बिघडतें. जो गृहस्थ रोज एकटा कचेरीस जातो त्यानें तें जरूर घ्यावें. सात माणसांच्या गाडीनें त्यावर द्रव्य खर्चूं नये.

आतां ॲम्प्लिफायर. टेपच्या वीस वॅटांत पुढचीं दोन दारें शांतपणें वाजतात. पण महामार्गावर चाकांची घरघर सुरू झाली कीं ते वीस वॅट कमी पडतात, माणूस आवाज वाढवितो, आणि वर सांगितलेल्या रीतीनें तरंगाचे माथे छाटले जातात. निराळा ॲम्प्लिफायर १४ व्होल्टांचा दाब आपल्या पोटांत वाढवून घेतो, म्हणून त्यास खरी शक्ति देतां येते. घरच्या गाडीस चार वाहिन्यांचा एकच ॲम्प्लिफायर पुरेसा आहे. दोन वाहिन्या पुढील दारांस व दोन मागील दारांस द्याव्या. किंवा ज्यांस डिकींत सबवूफर ठेवावयाचा आहे, त्यांनीं मागील दोन वाहिन्या एकत्र जोडून तो सबवूफरास द्यावा. असें एकत्र जोडतांना प्रत्येक वाहिनीस स्पीकरचा रोध निम्माच भासतो, म्हणून 'एकत्र जोडणीस किमान ४ ओहम' अशी जी अट कागदावर असते ती पाळावी. २ ओहमचा सबवूफर जोडला तर ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो. त्यावरील 'गेन' नांवाची कळ आवाज वाढविण्यासाठीं नसून टेपकडून येणाऱ्या संकेताशीं ॲम्प्लिफायरची सांगड घालण्यासाठीं असते. ती शेवटपर्यंत पिळणारा कारागीर दिसला तर त्याच्या हातून गाडी काढून घ्यावी.

मग सबवूफर. त्याची पेटी ही नुसती लांकडी खोकी नव्हे. पेटींतील हवा व पडदा यांचें नातें ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं, व त्यानंतरच्या दशकांत रिचर्ड स्मॉल यांनीं गणितानें बसविलें; आज प्रत्येक चांगल्या सबवूफराबरोबर येणाऱ्या कागदावर 'किती घनफूट पेटी' हें त्याच गणितावरून छापिलेलें असतें. बंद पेटी लहान असते व तिचा नाद आटोपशीर, तबल्याच्या बोलांस मानवणारा. नळी ठेविलेली पेटी मोठी असते व त्याच शक्तींत अधिक गाजते. आमच्या संगीतास बंद पेटी योग्य. शिवाय निसर्गहि येथें साह्य करितो. ६० कंपनांच्या स्वराची अर्धी तरंगलांबी जवळजवळ पावणेतीन मीटर, म्हणजे गाडीच्या पोटाएवढी. त्याच्या खालील स्वरांत गाडींतील सर्व हवा एकदमच दाबली जाते व तळाचा नाद आपोआप बळावतो. म्हणून दिवाणखान्यांत जें काम मोठ्या पेटीनें होतें, तें गाडींत आठ-दहा इंचांच्या पेटीनें होतें. दारांचे स्पीकर ८० कंपनांच्या वर व सबवूफर त्याच्या खालीं अशी स्वरांची वांटणी करावी. इतके खालचे स्वर कोठून येतात तें कानास नीट कळत नाहीं. पेटी कोठें आहे तें डोळे मिटून बोटानें दाखवितां आलें, तर वांटणी चुकली किंवा आवाज जास्त झाला असें समजावें.

जागेचा विचार याच वेळीं करावा. आपल्याकडील कित्येक गाड्यांच्या डिकींत सीएनजीचें नळकांडें असतें. त्याच्या आसपास पेटी घट्ट करण्यासाठीं एकहि भोक पाडूं नये. ज्यांच्या डिकींत जागा नाहीं त्यांच्यासाठीं अंगचाच ॲम्प्लिफायर असलेली आठ इंची चपटी पेटी मिळते, ती पुढील आसनाखालीं जाते. मात्र आसनाखालीं वाऱ्याची नळी आहे काय तें पहावें, आणि पिवळ्या जोडणीच्या तारांस हात लावूं नये. त्या एअरबॅगच्या असतात. विजेवर चालणाऱ्या गाडींत नारिंगी तारा उच्च दाबाच्या असतात, त्यांच्या वाटेसहि जाऊं नये; तेथील नादयंत्रें निराळ्या १२ व्होल्टांच्या बॅटरीवरच चालवावयाचीं असतात.

तारांविषयीं आम्ही जितकें आग्रहानें लिहूं तितकें थोडें. आमच्या बेतांत ॲम्प्लिफायर चार वेळां साठ, म्हणजे २४० वॅट, व चपटी पेटी १२० वॅट, मिळून ३६० वॅट होत. यंत्रांची कार्यक्षमता शेंकडा ८० धरली तर बॅटरीकडून ४५० वॅट घ्यावे लागतात, त्यास १३.८ व्होल्टांनीं भागिलें कीं भर आवाजांत सुमारें ३३ अँपिअर प्रवाह येतो. घरांत एका पंख्यास अर्धा अँपिअरहि लागत नाहीं, हें ध्यानांत आणावें. इतका प्रवाह बारीक तारेंतून नेला तर तार तापणारच. शुद्ध तांब्याची ४ गेजची तार, म्हणजे सुमारें २१ चौरस मिलिमीटर जाडीची, या कामास निर्धास्त. बाजारांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते. परंतु ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारें शेंकडा ६१, म्हणून तीच जाडी तेंच काम करीत नाहीं. टोंक खरवडून पहावें. आंत रुपेरी रंग दिसला तर परत करावी. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आंत बसवावा. तो यंत्राच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठीं असतो: अपघातांत किंवा घासून तारेचें आवरण फाटलें व ती पत्र्यास टेकली, तर बॅटरीची सारी शक्ति तिच्यांतून धांवते, आणि फ्यूज नसेल तर तेथेंच आग लागते. तार पत्र्यांतून आंत येते त्या भोकास रबरी कडें घालावें. नादाची संकेत-तार गाडीच्या एका बाजूनें व विजेची जाड तार दुसऱ्या बाजूनें न्यावी, नाहीं तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतरणारी किणकिण गाण्यांत मिसळते. गाडी नवी असेल तर मूळ तारा कापूं नयेत. जुळणारी जोडणी मिळते तीच वापरावी, आणि विमा उतरविणाऱ्यास नव्या सामानाची माहिती द्यावी.

शेवटचा, पण आमच्या दृष्टीनें पहिला विषय कानांचा. कामाच्या ठिकाणच्या आवाजासंबंधीं अमेरिकेंतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य यांच्या राष्ट्रीय संस्थेनें १९९८ सालीं घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबल, आठ तास अशी आहे. पुढें दर ३ डेसिबलांस वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला केवळ पाव तास. ही मर्यादा धडधाकट कामगारांसाठीं. मांडीवरील तान्ह्या मुलानें त्याच गाडींत चार तास काय म्हणून सोसावें? मोबाईलवर आवाज मोजण्याची सोय असते. ती अगदीं तंतोतंत नसली तरी अंदाजास पुरते. यंत्र नको असेल तर साधी कसोटी आहे: मागच्या बाकावरील आजी व पुढें बसलेली नात यांस आवाज न चढवितां बोलतां आलें पाहिजे, आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चालकास ऐकूं आला पाहिजे. बाहेरच्या लोकांचाहि हक्क आहे. आपल्या देशांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा असून रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोंवतालचे १०० मीटर शांतता-क्षेत्र म्हणून राखितां येतात. तळाचे स्वर पत्र्यांतून व भिंतींतून सहज पार होतात; कांच लावली म्हणून शेजाऱ्याची झोंप वांचते असें नाहीं.

हें सर्व कागदावर उतरल्यावर चाळीस हजारांची वांटणी आमच्या घरीं अशी ठरली: दारांची शीट ६ हजार, चारी दारांचे स्पीकर १२ हजार, ॲम्प्लिफायर ९ हजार, आसनाखालची पेटी ८ हजार, तारा, फ्यूज व मजुरी ५ हजार. काम एकदम न करितां तीन टप्प्यांनीं करावें, आणि प्रत्येक टप्प्यानंतर महिनाभर ऐकून मगच पुढें जावें, असा नियम केला. पहिला टप्पा दारें व स्पीकर यांचा झाला. ॲम्प्लिफायरही नसतांना, केवळ दार बंदिस्त झाल्यामुळें, थोरल्या बंधूंस मधल्या बाकावरून शब्द लागूं लागले. आणि तरुण मंडळींनीं बारा इंची पेटीचें नांव त्यानंतर काढिलें नाहीं. दुसऱ्या टप्प्यानंतर घाटांतहि आवाज वाढवावा लागेना. तिसरा टप्पा अजून व्हावयाचा आहे; ते आठ हजार घरांतील खात्यांत शिल्लक आहेत, आणि पेटी घ्यावी कीं न घ्यावी याचा निर्णय गाडींत बसणाऱ्या सर्वांनीं मिळून करावयाचा असें ठरलें आहे. वहिनींचें मत अद्याप सामानाच्या बाजूचें आहे, हेंहि येथें नमूद करितों.

ज्या वाचकांच्या घरीं असा बेत चालूं असेल त्यांनीं दुकानांत जातांना आपल्या आवडीचीं तीन ध्वनिमुद्रणें बरोबर न्यावीं: एक तंबोऱ्यावरील संथ आलापाचें, एक तबल्याच्या एकल वादनाचें, आणि एक घरांतील वडील माणसांस पाठ असलेल्या गीताचें. दुकानदार जें धडधडीत वाजवून दाखवितो त्यावर कोणताहि स्पीकर चांगलाच भासतो. आपलें गीत ऐकतांना मात्र कानास लबाडी तात्काळ कळते. शक्य असेल तर घरांतील वयानें सर्वांत मोठ्या माणसास सोबत न्यावें, आणि त्यांस शब्द कळले कीं नाहीं तेवढें विचारावें. पावतीवर प्रत्येक वस्तूचा आरएमएस आंकडा, तारेची जात व फ्यूजचे अँपिअर लिहून घ्यावे. इतकी सूचना करून हा विषय आम्ही येथें पुरा करितों.